कोरम मोजणारे केळशीकर काका

माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला केळशीकर काकांनी केक कापू दिला नव्हता. म्हणजे कायमचा अडवला नाही, चांगली दोन मिनिटं अडवला. ईशा माझ्या कडेवर, सुरी माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या हातात, मेणबत्तीचं मेण फ्रॉस्टिंगवर ओघळतंय, आणि हा गृहस्थ हात वर करून उभा.

"एक मिनिट. कोरम आहे का?"

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या, कॅरीच्या घरातलं एकेक डोकं मोजलं. बाथरूममध्ये गेलेल्या पाहुण्याची वाट पाहिली. "एकोणीस. बाळ धरून वीस. झाला कोरम. केक कापावा असा प्रस्ताव आहे. कुणाचा आक्षेप?"

"माझा आहे," सोफ्यावरून शैलाकाकू म्हणाल्या. "पोर झोपेला आलंय आणि तुम्ही डोकी कसली मोजताय? काप गं वैशाली."

"आक्षेप नोंदवला," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की वाढदिवस त्यांचाच असावा.

कोरम म्हणजे सभेत निर्णय घ्यायला कमीत कमी जेवढी माणसं लागतात तेवढी. हे तुम्हा-आम्हाला ठाऊक असलं तरी आपण ते घरी आणत नाही. काका आणत. कारण काकांचा जीव आमच्या विद्यापीठाच्या फॅकल्टी सेनेटमध्ये होता. पोटापाण्यासाठी ते माती शिकवत, कुठली माती किती पाणी धरते वगैरे. पण ते नुसतं निमित्त.

सेनेट म्हणजे प्राध्यापकांची सभा. काय शिकवावं, परीक्षा कशा घ्याव्यात, एका वर्गात किती मुलं कोंबावीत, यावर प्राध्यापकांनी मत द्यावं आणि वरच्या मंडळींनी ते ऐकावं अशी ती कल्पना. वरची मंडळी ऐकतातही. मान डोलावतात आणि मग त्यांना हवं ते करतात. त्यामुळे सेनेटवर जायला कुणी तयार नसतं. आमच्या गणित विभागात तर जो मीटिंगला गैरहजर असेल त्यालाच निवडून द्यायची पद्धत आहे. एकाला बिचाऱ्याला रूट कॅनाल करून आल्यावर कळलं की आपण सेनेटर झालो.

काका मात्र सव्वीस वर्षं हौसेने उभे राहिले आणि हौसेने निवडून आले. सभेतला पंच तेच. कुठे काही अडलं की अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत आणि काका नियम सांगत. नियमांचं जाडजूड पुस्तक कायम कापडी पिशवीत, केळ्याच्या शेजारी. त्याला शाळेतल्या पुस्तकासारखं खाकी कव्हर आणि वर लेबल: नाव प्र. वि. केळशीकर, इयत्ता कोरी.

बरं, सेनेटपुरतं ठेवतील तर ते काका कसले! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये एकदा मोदक उकडीचे की तळणीचे, हा प्रश्न निघाला. कुणीतरी म्हणालं, निम्मे-निम्मे करा. काका म्हणाले, ही दुरुस्ती झाली. दुसरं कुणी म्हणालं, तळणीचे जास्त करा. ही दुरुस्तीवर दुरुस्ती झाली. आधी दुसऱ्या दुरुस्तीवर मत घ्यायचं, मग पहिल्या, मग मूळ ठरावावर. हे चालू असताना शेजारच्या खोलीत बायकांनी यादी केली, पीठ कुणी आणायचं ते ठरवलं आणि चहा पिऊन त्या घरी निघाल्यासुद्धा. त्यांत पुढे शैलाकाकू. जाताना दारातून डोकावून म्हणाल्या, "उकडीचेच ठरलेत. तुमचं चालू द्या."

त्या दोघांचं घर म्हणजे दोन सभासदांची सभा होती. काकांनी म्हणायचं, "कुणाचा आक्षेप?" आणि काकूंनी म्हणायचं, "माझा आहे." हा आक्षेप फ्रिजला चिकटवलेल्या पॅडवर रीतसर लिहिला जायचा. थर्मोस्टॅट अडुसष्ट फॅरनहाइटवर आणणे. आक्षेप: शै. के. कारण: थंडी वाजते. आमटीत गूळ न घालणे. आक्षेप: शै. के. कारण: मग खा तशीच. मत एकास एक, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. त्यामुळे त्या घरात तीस वर्षं काही म्हणजे काही बदललं नव्हतं. बदामी पडदेसुद्धा तेच.

मी नागपूरहून इथे आले आणि सात वर्षांपूर्वी याच विद्यापीठात लेक्चरर म्हणून लागले, तेव्हा मला पहिला डबा काकूंनी दिला. त्याही गणित विभागातच लेक्चरर होत्या. बावीस वर्षं त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवलं. इथे लेक्चरर म्हणजे कोण, तर ज्याला सगळ्यात जास्त वर्ग असतात, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नव्याने होतं आणि ज्याला सेनेटमध्ये मत नसतं. बसता येतं. मागच्या भिंतीला लागून फोल्डिंगच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि वर पाटी, 'पाहुणे'. बावीस वर्षं राबूनही पाहुणेच! आमच्याकडे पाहुण्याला निदान पाणी तरी विचारतात.

लेक्चररना मत द्या, हा ठराव काका दर वर्षी मांडत. दर वर्षी तो समितीकडे जाई. समितीकडे पाठवणं म्हणजे माळ्यावर टाकणं, हे मला इथे आल्यावर कळलं. काका तो पुढच्या वर्षी पुन्हा खाली काढत, झटकत आणि मांडत. मला वाटायचं, या माणसाला ठरावाची हौस आहे. लेक्चरर नसते तर त्यांनी पार्किंगवर ठराव मांडला असता.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. जानेवारीत दुखणं कळलं, मेमध्ये सगळं संपलं. मुलगा ॲरिझोनातल्या चँडलरहून आला, पंधरा दिवस राहिला, "बाबा, तिकडे चला" म्हणून विनवून परत गेला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सभेला काका हजर, पिशवीत पुस्तक, शेजारी केळं. "मागील सभेचा वृत्तांत, पान तीन, एक चूक आहे," म्हणून उभे राहिले. मी मागे पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते, शेजारची काकूंची खुर्ची रिकामी. खरं सांगते, मला संताप आला. हा माणूस आहे की नियमावली? असं मनात म्हटलं मी. आता ते आठवलं की लाज वाटते.

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं. लेक्चररनी एका सत्रात चारऐवजी पाच वर्ग घ्यायचे असं वरून ठरलं आणि आम्हाला ते ईमेलने कळलं. मग ज्या सभेत त्यावर चर्चा झाली तिथे आम्ही नऊजणी मागे बसलो होतो, तोंडाला कुलूप लावून. पाच वर्ग म्हणजे दोनशे मुलं, दोनशे वह्या. माझ्यासोबतची एक तर म्हणाली, मी सोडते आणि इन्शुरन्समध्ये जाते. त्यात काका मेमध्ये रिटायर होणार. ते गेले की ठराव मांडणारंच कुणी उरणार नव्हतं, कारण ज्यांना मत नाही त्यांना ठराव कसला मांडता येतोय! म्हणजे एप्रिलची सभा ही शेवटची संधी.

मी मोठी झाले हो त्या दोन महिन्यांत. एकेका सेनेटरच्या ऑफिसबाहेर उभी राहिले. कॉफी पाजली. काकांनी मला संध्याकाळी बसवून पुस्तकातली कलमं समजावली. कशाला किती मतं लागतात, विशेष सभा कशी बोलावतात, सगळं. "तुला मत नाही, पण वाचायला कुणाची बंदी आहे?" म्हणाले. ठराव पहिल्यांदाच माळ्यावर न जाता मतदानापर्यंत आला. डोकी मोजली होती मी, बाप्पा! जिंकत होतो आम्ही.

एप्रिलमधला शुक्रवार, दुपारी तीन. सेनेटर अठ्ठेचाळीस, कोरम पंचवीस. आले एकतीस. काकांचं आठवड्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मीच त्यांना गाडीतून आणलं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात पिशवी. ठराव मांडला, तोही छान दोन मिनिटांत. आणि मग इतिहासाचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. आमच्याच बाजूने बोलत होते, पण थांबेनात. चार वाजले. सव्वाचार. कुणाला मुलांना डे-केअरमधून आणायचं होतं, कुणाला विमान गाठायचं होतं. एकेकजण पाय न वाजवता सटकू लागला. पावणेपाचला ते महाशय बसले एकदाचे.

अध्यक्षा व्हिटफील्डबाईंनी घड्याळ बघितलं. "चला, मत घेऊया. ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी..."

हात वर व्हायला लागले. मला दिसत होते. आणि काका उभे राहिले.

"पॉइंट ऑफ ऑर्डर," ते म्हणाले. "कोरम नसावा असं मला वाटतं."

सभागृहात एक सुस्कारा निघाला. काकांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, पेन्सिल काढली आणि मोजलं. चोवीस. त्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना नेमका एक माणूस कमी दिसला! मी पळत बाहेर गेले. कॉरिडॉर पाहिला, पार्किंग लॉट पाहिला, म्हटलं एखादा सेनेटर तरी गाडीत फोनवर बोलत बसला असेल. चिटपाखरू नव्हतं. परत आले तोवर सभा बरखास्त झाली होती. आठव्या वर्षी, जिंकता जिंकता, ज्याचा ठराव त्यानेच तो पाडला.

गाडी हायवेला लागली. मग राहवेना.

"काका, तुम्ही बोलला नसतात तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही. कुणी हरकत घेतली नाही तर कोरम आहे असंच धरतात. नियमच आहे तसा."

"मग?"

"मला दिसलं ना पण."

"नाही दिसलं असं करायचं! अख्ख्या जगाला दिसत नाही, तुम्हालाच कसं दिसतं हो?"

"वैशाली, तुम्हा लोकांचं पहिलंच मत. ते असं मिळालं असतं तर पुढच्या महिन्यात कुणीही उठून म्हणालं असतं की हे खोटं आहे. आणि त्याचं बरोबर असतं. मग मी काय तोंड दाखवलं असतं?"

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. इतकी चिडले होते.

त्यांना दारात सोडून निघणार होते, पण डोळ्यांत औषध घालायचं होतं म्हणून आत गेले. काकू गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात मी नीटशी बसले नव्हते. काकांनी आधण ठेवलं.

"चहा करतो. आलं घालून. कुणाचा आक्षेप?"

मी घुश्शातच त्यांच्या डोळ्यांच्या औषधाची बाटली शोधायला लागले. काका थांबले. गॅसच्या बटणावर हात तसाच ठेवून त्यांनी फ्रिजजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तीन-चार सेकंद पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मंजूर."

"सोबत चिवडा. आक्षेप?" पुन्हा तेच थांबणं, पुन्हा ती खुर्ची. "मंजूर."

मी फ्रिजवरच्या पॅडकडे बघितलं. पानंच्या पानं भरली होती. आमटीत गूळ न घालणे, मंजूर, एकमताने. पडदे बदलणे, मंजूर, एकमताने. थर्मोस्टॅट अडुसष्ट, मंजूर, एकमताने. खिडकीला बदामी पडदे लटकत होते आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर काकूंचा चौऱ्याहत्तरचा आकडा होता.

"काका, हे तर मंजूर झालंय ना?"

"अंमलबजावणी झालेली नाही," काका म्हणाले. मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, "या घरात आता सगळंच एकमताने मंजूर होतं गं. नकोसं होतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी उठून त्यांच्या हातातलं गाळणं घेतलं आणि त्यांना बसवलं.

"तुला सांगितलं नाही कधी," ते म्हणाले. "तू लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वर्गात पस्तीसऐवजी पन्नास मुलं बसवायची असं चाललं होतं. शैला मागे बसली होती, तिने हात वर केला. अध्यक्षांनी मला विचारलं, पाहुण्यांना बोलता येतं का? मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. पाठ होतं. म्हटलं, नाही येत. तिने हात खाली घेतला."

"मग?"

"घरी येताना गाडीत म्हणाली, तुमचं बरोबर होतं हो, नियम तोच आहे." काकांनी कप खाली ठेवला. "बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढं एकदाच तिने माझ्यावर आक्षेप घेतला नाही. घ्यायला हवा होता. मी वाट बघत होतो."

"काय विचारायचं होतं काकूंना?"

"पन्नास मुलं बसवाल, पण मागच्या मुलांना फळा दिसेल का? एवढंच."

दुसऱ्या वर्षीपासून ते ठराव मांडायला लागले होते. आणि मी समजत होते, हौस!

काकांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "पुरे आता. आठ वर्षं झाली. हे लायब्ररीला देऊन टाकतो. ठरावाची फाइल बंद. कुणाचा आक्षेप?"

आणि त्या खुर्चीकडे बघत थांबले.

"माझा आहे," मी म्हणाले.

काका दचकलेच. "काय?"

"माझा आक्षेप आहे. नोंदवा."

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पिशवी चाचपली. पेन्सिल हातातच होती. उठून पॅडपाशी गेले आणि लिहायला लागले. "आक्षेप: वै. दे.," ते मोठ्याने म्हणाले. "कारण?"

"दहा सेनेटरांच्या सह्या असल्या की विशेष सभा बोलावता येते. तुम्हीच वाचून दाखवलंय मला. तुम्ही रिटायर व्हायला अजून तीन आठवडे आहेत."

"सह्या मिळतील. कोरम कुठून आणशील? मे महिना, सगळे पळायच्या घाईत."

"कोरम मी आणते. बटाटेवडे करते."

काका विचारात पडले. चेहऱ्यावर ते जुनं तेज यायला लागलं होतं. "वडे मतदानाच्या आधी की नंतर?"

"नंतर. नाहीतर खाऊन पळतील."

"योग्य," ते म्हणाले आणि तेही लिहून ठेवलं.

सह्या चौदा मिळाल्या. आम्ही पाचजणींनी मिळून दोनशे वडे तळले, गरम राहावेत म्हणून फॉइलचे ट्रे टॉवेलांत गुंडाळले आणि सभागृहाच्या मागच्या टेबलावर मांडून ठेवले. वास अख्ख्या इमारतीत पसरला. एकोणचाळीस सेनेटर आले. इतिहासाचे प्राध्यापक चार मिनिटांत बसले, कारण त्यांची खुर्ची ट्रेच्या अगदी जवळ होती. काकांनी उठून पेन्सिलीने डोकी मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. ठराव चौतीस विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. आम्ही नऊजणी भिंतीपाशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. पाच वर्गांचा प्रश्न काही सुटला नव्हता, पण सप्टेंबरात त्यावर आमचाही हात वर होणार होता.

व्हिटफील्डबाई सभा संपवणार, तेवढ्यात काका उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा ट्रेकडे, आणि यांची शेवटची सूचना.

"आठ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरच्या वृत्तांतात एक दुरुस्ती करायची आहे," ते म्हणाले. हातात कागद होता, पण बघत नव्हते. "तिथे लिहिलंय, एका पाहुण्यांना नियमाची आठवण करून देण्यात आली. त्याऐवजी असं असावं. गणित विभागाच्या शैला केळशीकर यांनी प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला. त्यांना बोलू दिलं गेलं नाही. त्यांचा प्रश्न इथे नोंदवता येत नाही, कारण तो सभेत विचारला गेला नाही."

मला प्रश्न माहीत होता. घालून टाका की हो, कोण विचारतंय, असं अगदी ओठांवर आलं माझ्या. पण काका खोटं लिहिणार नव्हते, काकूंसाठीसुद्धा नाही.

व्हिटफील्डबाईंनी चष्मा काढला. त्या काकूंना ओळखत होत्या. "कुणाचा आक्षेप?" त्यांनी विचारलं.

कुणी हललं नाही. काका मात्र मागे वळले आणि भिंतीपाशी, फोल्डिंगच्या खुर्च्यांकडे बघत थांबले. आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. माझ्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे बघत होते. व्हिटफील्डबाईही थांबल्या. घाई कुणीच केली नाही.

"मंजूर," बाई शेवटी म्हणाल्या. "एकमताने."

काकांनी मान हलवली, पेन्सिल खिशात ठेवली आणि ते खाली बसले.